उघड्यावरचा स्केटबोर्ड रॅम्प: वर काय लावायचे आणि रंग कुठे मारायचा

प्रश्न असा आहे: नाशिकला गंगापूर रोडवर बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत ४ फूट उंच, ८ फूट रुंद मिनी रॅम्प करायचा आहे, म्हणजे समोरासमोर दोन वक्र बाजू, मध्ये सपाट भाग आणि दोन्हीकडे वर उभे राहायला फलाट. वर छप्पर नाही. सुतार म्हणतो १२ मिमी कमर्शियल प्लाय लावू आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात मारू. फॅब्रिकेटर म्हणतो चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, टाका, पुढची पंधरा वर्षे बघायला नको. यातले काय टिकेल आणि वर कोणते कोटिंग मारावे?

दोन्ही नको. आणि कोटिंगचा प्रश्नच थोडा फिरवून विचारायला हवा. उघड्यावरचा रॅम्प वरून झिजून क्वचितच जातो. तो कडांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि पोटाकडून कुजतो. वरच्या पृष्ठभागावर कितीही भारी रंग मारला तरी चाकांच्या वाटेवरचा रंग काही आठवड्यांत उडतो. म्हणून वर अशी वस्तू निवडायची जिला रंगाची गरजच नाही, आणि रंगाचा सगळा खर्च जिथे चाक पोचत नाही तिथे करायचा.

कमर्शियल प्लाय का नको ते आधी. बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात ती भारतीय मानक आयएस ३०३ मधली एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड. तिचा गोंद साधारणपणे युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो. घरातल्या कपाटाला तो पुरतो, पण मृगाचा पाऊस चार दिवस अंगावर घेतला की कडेचे पापुद्रे सुटायला लागतात. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) ग्रेड फिनॉलिक गोंदाची, ती बरी. आयएस ७१० ची मरीन प्लाय, म्हणजे बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ), त्याहून बरी. तिच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळून घेतात. शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दुकानदाराकडून दोन इंची तुकडा मागून घ्या, घरी पातेल्यात आठ तास उकळा आणि कडेला चाकूचे टोक घालून बघा. पापुद्रा उचलला गेला तर शिक्का काहीही असो, तो माल रॅम्पला नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मरीन प्लायचा गोंद पाण्यात सुटत नाही, पण तिचे लाकूड कुजू शकते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. त्यामुळे मरीन घेतली म्हणून कडा उघड्या सोडता येत नाहीत.

चेकर्ड प्लेटचा विचार सोडून द्या. तिच्या उठावावर चाक खडखडते, वेग मरतो, आणि पडलेल्या मुलाची कातडी किसणीवर घासल्यासारखी निघते. जिन्याची पायरी आणि रॅम्प यांची गरज उलटी आहे. पायरीवर पाय घसरू नये. रॅम्पवर चाकाने पकड घेतली पाहिजे, पण पडलेले शरीर मात्र घसरत खाली आले पाहिजे. याच कारणाने रंगात वाळू मिसळून खरखरीत करण्याची सूचनाही कुणी केली तर ऐकू नका.

आता वरच्या थराचे पर्याय.

अमेरिकेत या कामासाठी स्केटलाइट नावाचा खास पत्रा मिळतो. तो म्हणजे फिनॉलिक रेझीनमध्ये भिजवलेल्या कागदाचे थर उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेला तक्ता. नाव नवे वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांकडे जी हायलम शीट असते ती याच घराण्यातली, आणि इमारतींच्या दर्शनी भागावर लावतात ते एक्सटीरियर एचपीएल (हाय प्रेशर लॅमिनेट) सुद्धा. रॅम्पसाठी यातले एक्सटीरियर ग्रेडचे ६ मिमी कॉम्पॅक्ट एचपीएल घ्यावे. आतला गाभा फिनॉलिकचा आणि वरचा चेहरा उन्हाला टिकणारा. विचारताना युरोपीय प्रमाण ईएन ४३८-६ चा माल आहे का ते विचारा. हे प्रमाण बाहेरच्या वापराच्या कॉम्पॅक्ट लॅमिनेटचेच आहे. चकचकीत फिनिश घेऊ नका, मॅट किंवा स्यूड घ्या. टॉयलेट क्युबिकलसाठीची १२ मिमी शीट स्वस्तात मिळाली तरी ती या गोलाईला वळणार नाही. साधी इलेक्ट्रिकल हायलम चालेल का? शेडखाली चालेल. उघड्यावर तिचा चेहरा उन्हाने फिका आणि खरखरीत होत जातो आणि कापलेली कड पाणी पिते.

दुसरा पर्याय, खिशाला हलका: सेंट्रिंगची फिल्म फेस प्लाय, १२ मिमी. आयएस ४९९० चा शिक्का बघा आणि दुकानदाराला वजन विचारा. या धंद्यात प्लायची प्रत किलोवर बोलली जाते. ८ बाय ४ ची १२ मिमी शीट ३० किलोच्या आसपास भरली तर घनता ठीक आहे; २४-२५ किलोची असेल तर आत हलके लाकूड आणि पोकळ्या आहेत असे समजा. तिच्यावरची तपकिरी फिल्म काँक्रीट सुटावे म्हणून असते, झिजेसाठी नाही. रोजच्या वापरात चाकांच्या पट्ट्यात ती वर्षभरही पुरत नाही. मग ती शीट बदलायची, एवढे मान्य असेल तर हा पर्याय वाईट नाही. धूळ बसली की मात्र फिल्म निसरडी होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये नाशिकला धूळ कधी नसते?

तिसरा पर्याय पोलादी पत्रा. ३ मिमी एमएस शीट चौरस मीटरला साधारण २३.५ किलो, म्हणजे ८ बाय ४ ची एक शीट ७० किलो. तिला गोलाई रोलिंग मशीनवरच द्यावी लागते. अंबडमध्ये ते करून देणारे वर्कशॉप शोधायला लागत नाही. टिकाऊपणात हा पत्रा सगळ्यांच्या वर आहे. पण मे महिन्यात दुपारी त्याला हात लावून बघा, आणि शेजाऱ्यांना चाकांचा आवाज एकदा ऐकवा. बंगल्यामागच्या रॅम्पला एवढ्यावरूनच तो बाद होतो. महापालिकेच्या बागेतल्या रॅम्पसाठी, जिथे देखभाल करणारा कुणी नसतो, तिथे त्याचा विचार व्हावा. तेव्हाही चाके फिरतात त्या बाजूला रंग टिकत नाही, म्हणून २ मिमीची ३०४ स्टेनलेस, खाली प्लायचा थर. प्लायमुळे आवाजही मरतो.

सिमेंट बोर्ड वाकवला की तडकतो. डब्ल्यूपीसी आणि पीव्हीसी बोर्ड उन्हात मऊ पडतात, त्यांत चाकाचे वण उमटतात. एमडीएफ आणि हार्डबोर्ड पहिल्याच पावसात फुगतात.

तुमच्यासाठी माझी निवड: चौकोनी नळ्यांचा गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, त्यावर ९ मिमी बीडब्ल्यूपी प्लायचे दोन थर, आणि सगळ्यात वर ६ मिमी एक्सटीरियर एचपीएल. बजेट बसत नसेल तर फक्त सगळ्यात वरचा थर बदलून फिल्म फेस प्लाय लावा. खालचे जे आहे त्यात काटकसर करू नका. उद्या पैसे आले तर वरचा थर बदलता येतो, सांगाडा बदलता येत नाही.

मापांत एक सोय आहे ती वापरा. गोलाईची त्रिज्या २.२ मीटर आणि उंची १.२ मीटर धरली तर वक्राची लांबी २.४२ मीटर येते, आणि जमिनीवर त्याला १.९६ मीटर जागा लागते. शीट १.२२ मीटर रुंदीची. म्हणजे दोन शीट आडव्या, एक खाली आणि एक तिच्या वरच्या कडेला, लावल्या की एक बाजू बरोबर झाकली जाते. जोडाची फट आणि कोपिंगची (वक्राच्या वरच्या कडेला बसणाऱ्या पाइपाची) जागा धरून वरच्या कडेला थोडी कापणी तेवढी करावी लागते. मधला सपाट भाग २.४४ मीटरचा ठेवा, त्याला आणखी दोन. एकूण प्रत्येक थराला सहा शीट. प्लायचे दोन थर म्हणून बारा, एचपीएलच्या सहा, आणि दोन्ही बाजूंच्या १.२ मीटर खोल फलाटांना प्लायची एकेक. शीट आडवी लावण्याचे दुसरे कारण असे की वरच्या पापुद्र्याचे रेषे बहुतेक वेळा ८ फुटांच्या दिशेने असतात. ते कोपिंगला समांतर राहिले की प्लाय सहज वळते. उभी लावून जोर केलात तर कट असा आवाज ऐकू येईल. खालच्या दोन थरांचे जोड एकमेकांवर येऊ देऊ नका, अर्ध्या शीटने सरकवा.

सांगाड्याच्या आडव्या नळ्या ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीच्या, दर २०० मिमीवर. ३०० वर ठेवल्या तर सुरुवातीला काही जाणवत नाही, पण वर्षभरात दोन नळ्यांच्या मध्ये शीट दबते आणि चाकाला लाटा लागतात. वेल्डिंग पूर्ण करून मगच हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला पाठवा, आणि प्रत्येक नळीला दोन्ही टोकांशी भोक ठेवा. बंद नळी वितळलेल्या जस्तात बुडवली तर आतली हवा आणि ओलावा तापून ती फुटते; कारखानेवाला भोके नसतील तर माल घेणारच नाही. गॅल्व्हनाइझ करणे शक्यच नसेल तर सँडब्लास्ट करून एसए अडीच दर्जापर्यंत स्वच्छ, त्यावर झिंक रिच इपॉक्सी प्रायमर आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन). रेड ऑक्साइडचा एक हात मारून काम आटोपणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ग्रिलला ती खपते. रॅम्पच्या पोटाखाली, जिथे पावसाळ्यात सतत दमट असते, तिथे खपत नाही.

कोपिंगसाठी ५० एनबी मीडियम क्लासचा पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो आणि जगभर कोपिंगला हेच माप चालते. भिंतीची जाडी ३.६ मिमी. पृष्ठभागाच्या वर ६ मिमी आणि पुढे ८ ते १० मिमी एवढाच डोकावू द्या. टोके बंद करा, पण खालच्या बाजूला पाणी जायला एक बारीक भोक हवेच. कोपिंगला वरून रंग मारण्यात अर्थ नाही, घासून चकाकतेच ते.

आता कोटिंग. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

प्लायच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे दोन्ही चेहरे, चारही कडा आणि भोकांच्या आतसुद्धा, जागेवर ठोकण्याआधी संरक्षण मिळाले पाहिजे. ठोकून झाल्यावर दिसणाऱ्या भागावर रोलर फिरवला तर पोटाकडची बाजू कोरडीच राहते, आणि जमिनीतून उठणारी वाफ नेमकी तिथेच लागते. क्रम असा ठेवा. शीट मापाने कापा, भोके पाडा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुसा पुसा. कडांना पारदर्शक टू-पॅक (रेझीन आणि हार्डनर वेगळे येतात ती) इपॉक्सी ब्रशने लावा. कडेचे रेषे पहिला हात पिऊन टाकतात, तो दिसेनासा होतो. चिकटपणा असतानाच दुसरा, तसाच तिसरा. कड काचेसारखी दिसली की थांबा. चेहऱ्यांना इपॉक्सी प्रायमरचा एक हात, साधारण ५० मायक्रॉन.

इपॉक्सी उन्हात उघडी टिकत नाही. ती पिवळी पडते आणि काही महिन्यांत तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. म्हणून जिथे ऊन लागते, म्हणजे बाजू, फलाट आणि फलाटामागची बाजू, तिथे वरून टू-पॅक पॉलियुरेथेन, तोही ॲलिफॅटिक हार्डनरचा. दुकानात नुसते पीयू मागितले तर फर्निचरचे पीयू पॉलिश हातात देतील, ते घरातले. डब्यावर एक्सटीरियर आणि ॲलिफॅटिक हे दोन्ही शब्द बघून घ्या. मेलामाइन पॉलिशचे तर नावच काढू नका. सुताराच्या ऑइल पेंटची अडचण वेगळी आहे: तो लाकडाच्या वर कातडीसारखा बसतो, खालून ओल आली की फुगून सुटतो, आणि सुटेपर्यंत ती ओल आत कोंडून ठेवतो.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. डब्यावर व्हॉल्यूम सॉलिड्सची, म्हणजे सुकल्यावर मागे राहणाऱ्या भागाची, टक्केवारी दिलेली असते. तिला १० ने गुणा आणि हव्या त्या मायक्रॉनने भागा. ५० टक्क्यांचा रंग ५० मायक्रॉन हवा असेल तर लिटरला १० चौरस मीटर. वाया जाणारे धरून ८ समजा. प्लायच्या बारा शीटचे दोन्ही चेहरे मिळून ७१ चौरस मीटर होतात, म्हणजे एका हाताला ९ लिटर, फलाट वेगळे. पेंटरने ४ लिटरमध्ये भागवतो म्हटले तर तो थिनर विकतोय.

हे काम दिवाळी ते होळी या काळात करा. त्यातही डिसेंबर-जानेवारीत एक सापळा आहे. नाशिकची पहाट गार असते, निफाडकडे तर पारा एक आकडी होतो, आणि दव पडते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवे आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. साध्या भाषेत, सकाळी दहाच्या आधी डबा उघडू नका आणि दुपारी तीननंतर नवा हात सुरू करू नका. ओल्या दवात सापडलेला पीयू पांढरट आणि निस्तेज होतो. गारठ्यात इपॉक्सी सुकायला एक दिवसाऐवजी दोन लागतात. याउलट एप्रिलमध्ये ती भांड्यातच तापून घट्ट होते, म्हणून एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. रेझीन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा. अंदाजाने हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलेली इपॉक्सी कायम चिकट राहते. मे अखेरीस वळवाचा भरवसा नसतो, तेव्हा उघड्यावर रंगकाम काढूच नका.

एचपीएलला रंग नको. फिल्म फेस प्लाय लावणार असाल तर तिच्या चेहऱ्यालाही नको, फिल्मवर रंग धरत नाही. फक्त कापलेल्या कडा आणि भोके इपॉक्सीने बंद करा. कारखान्यातून येणारा कडेचा लाल रंग कापलेल्या बाजूला नसतो, हे बहुतेक जण विसरतात.

वरची शीट चिकटवायची नाही, फक्त स्क्रूवर बसवायची. झिजणारा थर आहे तो, एक दिवस निघायचाच आहे. फेव्हिकॉलने बसवलात तर काढताना खालचा चांगला थरही उपटून येईल. एचपीएल उष्णतेने आणि ओलाव्याने हलते, म्हणून दोन शीटमध्ये ३ मिमी फट ठेवा. ३ मिमीचे स्पेसर मध्ये घालून ठोका आणि नंतर काढा. भोकसुद्धा स्क्रूपेक्षा मोठे हवे: ४.८ मिमीच्या स्क्रूला ६.५ मिमी, वर काउंटरसिंक. फट नसेल तर उन्हाळ्यात जोड उचलून कड उभी राहते आणि तिथे चाक अडकते. भोक घट्ट असेल तर शीट भोकापासून तडकते. भोके कार्बाइड ड्रिलने, कापणी टीसीटी (कार्बाइड दातांच्या) ब्लेडने. शीट बसवायला दुपार निवडा, तासभर उन्हात ठेवलेली शीट वळायला सोपी जाते. थंडीतल्या सकाळी जबरदस्ती केली तर कडेला चीर पडू शकते. स्क्रू कोपिंगकडून खालीही नाही आणि खालून वरही नाही. आधी मधली रांग, मग बाहेर सरकत जा.

स्क्रू ३०४ स्टेनलेसचे, ३८ मिमी लांब: ६ मिमी एचपीएल, १८ मिमी प्लाय आणि नळीची भिंत पार करून पकड येईल इतके. दुकानदार ४१० चे सेल्फ ड्रिलिंग देईल, कारण ३०४ चे टोक पोलादात भोक पाडण्याइतके कडक होत नाही. ४१० चे डोके दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग सोडते. त्यापेक्षा नळीत आधी ४ मिमीचे भोक पाडा आणि ३०४ चा साधा सेल्फ टॅपिंग वापरा. वेळ जाईल, पण परत हात लावावा लागणार नाही. रुंदीत दर ३०० मिमीवर, वक्रात एकाआड एक नळीवर, या हिशेबाने शीटला ३६ ते ४० लागतात. २७५ आणून ठेवा. डोके पृष्ठभागाच्या अर्धा मिमी खाली. ड्रिल मशीनचा क्लच कमी ठेवा, जास्त दाबले तर ढिल्या भोकाचा फायदाच संपतो. स्टेनलेसचा छोटा स्क्रू जस्त चढवलेल्या मोठ्या सांगाड्यात चालतो. उलट जोडी, म्हणजे स्टेनलेस पत्र्याला जीआय (जस्त चढवलेला) स्क्रू, कधीही नको. तिथे ओलाव्यात बिचारा स्क्रूच खाल्ला जातो.

पाणी आणि हवा. सपाट भागाला रुंदीच्या दिशेने १२ ते १५ मिमी उतार द्या. चाकाला कळत नाही, पाण्याला कळते. सांगाडा जमिनीपासून ७५ ते १०० मिमी वर, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर. बाजू पूर्ण बंद करू नका, जाळी लावा. हवा खेळली पाहिजे. मातीला लागलेली प्लाय म्हणजे वाळवीला आमंत्रण. तुमची जमीन काळी असेल तर ठोकळ्यांखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि चोपा. पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती ठोकळे वरखाली करते, आणि मग वरचे जोड उघडतात. दोष शीटला दिला जातो. प्लाय आणि एचपीएलच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. फटीतून गेलेले पाणी त्याच्यावर साचून राहते.

तसेच ताडपत्रीचे. पावसाळ्यात रॅम्पवर थेट अंथरलेली ताडपत्री पावसापेक्षा जास्त नुकसान करते, कारण खाली वाफ कोंडते आणि आठवड्यात बुरशी दिसते. पाइपावर किंवा दोरीवर उचलून, दोन्ही टोके उघडी ठेवून बांधा. गंगापूर रोडला हे पुरते. त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला, जिथे पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो, तिथे प्लायच्या रॅम्पला पक्की शेडच लागते, नाहीतर सरळ काँक्रीट.

काँक्रीटचे थोडक्यात, कारण तो प्रश्न लगेच येईल. मुरमाची चोपलेली भर, १०० ते १२५ मिमी जाडीचे एम ३० काँक्रीट, ८ मिमी सळया दर १५० ते २०० मिमीवर, वर पोलादी थापीने काचेसारखी घोटाई. घोटताना कोरडे सिमेंट भुरभुरायचे नाही, तोच थर पुढे सोलून निघतो. सपाट भागात २.५ ते ३ मीटरवर, जाडीच्या पाव भागाइतका खोल कट, २४ तासांच्या आत. पीपीसी सिमेंट असेल तर किमान दहा दिवस ओले ठेवा, चौदा उत्तम. एप्रिलच्या वाऱ्यात पहिल्या काही तासांतच बारीक भेगा पडतात, म्हणून काम संध्याकाळकडे घ्या. वर ॲक्रिलिक सीलर किंवा इपॉक्सी फ्लोअरिंग नको, दोन्ही ओले झाले की निसरडे होतात. लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचे डेन्सिफायर आत मुरते, वर थर बनवत नाही, आणि धूळ सुटणे थांबवते. गोलाई हाताने घोटणारा मिस्त्री मिळणे हीच खरी अडचण. मिळाला नाही तर काँक्रीटच्या नादी लागू नका. वाकडी शीट बदलता येते, वाकडे काँक्रीट फोडावे लागते.

देखभालीला वर्षात दोन दिवस पुरतात. पोळ्यानंतर पाऊस ओसरला की पोटाकडून टॉर्च मारून बघा: काळे डाग, पांढरी बुरशी, सुटलेला पापुद्रा. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक आत गेले तर तेवढा तुकडा बदला. दुसरी फेरी मार्चमध्ये, वरून: स्क्रूचे डोके हाताने चाचपा, फटीतली माती खरवडून काढा, कारण मातीने भरलेली फट म्हणजे फट नसल्यासारखीच. धुवायला साधा साबण आणि पाणी. फरशीचे ॲसिड वापरू नका, ते खाली टपकून सांगाड्यावरचे जस्त खाते.